पंचनाम्यातलं नाव मदतीपुरतंच राहू द्या

मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की आम्ही नाशिककर पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर लागलं ते विचारतो. गोदावरीला मिळणाऱ्या नासर्डी-वाघाडी या छोट्या नद्यांकाठच्या झोपड्यांत ते तोवर शिरलेलं असतं. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये शहरानं हे पाहिलं. पूर ओसरल्यावर पंचनामे होतात, आणि मदतीची सर्वांत जास्त गरज असलेली माणसं नेमकी तेव्हाच मागे सरकतात.

मदत मागायची म्हणजे नाव, पत्ता, आधार, पासबुक द्यायचं. पक्क्या घरातल्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही. नदीकाठच्या झोपडीवाल्यानं पत्ता सांगितला, तर तो स्वतःच अतिक्रमणाची कबुली देतो. घरांच्या नुकसानभरपाईला अधिकृत बांधकामाची अट आहे. म्हणजे पैसे मिळतीलच असं नाही, नाव मात्र सरकारदरबारी लागलं. पुढे तोच कागद घेऊन जेसीबी येणार नाही, याची हमी त्याला कोण देतं?

नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेल्या बाईचं रेशनकार्ड सासरी असतं. लाभार्थ्यांची यादी भिंतीवर चिकटवली की तिचा ठावठिकाणा त्याला आयता कळतो. तृतीयपंथीयांच्या आधारवर जुनं नाव असतं. रांगेत सगळ्यांसमोर ते पुकारलं जातं. किट देतानाचे फोटो तर संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरतात. तो फोटो घरमालकानं पाहिला, तर देहविक्रय करणाऱ्या बाईची खोली जाते. मला हे फार क्रूर वाटतं.

वाट नाही असं नाही. सप्टेंबर 2020 मध्ये, कोरोनाकाळात, सर्वोच्च न्यायालयानं देहविक्रय करणाऱ्या महिलांना ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्यायला सांगितलं होतं. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 चं कलम 61 मदतीत लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म यांवरून भेदभाव करायला मनाई करतं. पण हाकलले जाण्याच्या भीतीनं जो रांगेतच उभा राहत नाही, त्याच्यापर्यंत हे कलम पोहोचत नाही.

म्हणून शासन निर्णय काढा. पंचनाम्यातली माहिती अतिक्रमण विभागाला किंवा पोलिसांना देऊ नये. यादीत पत्ते जाहीर करू नयेत, मदत घेणाऱ्याचा फोटो काढू नये. कागद नसेल तिथे वस्तीत काम करणाऱ्या आशाताईंची किंवा अंगणवाडीताईंची साक्ष पुरेशी धरावी. हे पावसाळ्याआधी व्हायला हवं. विसर्ग सुटल्यावर निघालेला आदेश तलाठ्यापर्यंत पोहोचेस्तोवर पंचनामे उरकलेले असतात.

आपला,
गोदाकाठचा एक नाशिककर