फोटो स्कॉटलंडचा, श्रेय रिव्हरडान्सला!

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतला आयरिश संगीतावरचा लेख वाचला. मराठी पेपरात या विषयाला अर्धं पान मिळालं म्हणून बरं वाटलं, पण ते फोटोवर नजर पडेपर्यंतच. गाल फुगवून, किल्ट घालून उभ्याने बॅगपाइप फुंकणारा तो बाप्या स्कॉटलंडचा आहे हो! आयरिश पाइप्स बसून वाजवतात, तोंडाने फुंकतच नाहीत. एका कोपराखाली भाता बांधलेला असतो, तो दाबत राहायचा, पिशवी दुसऱ्या काखेत, आणि वर मांडीवर आडव्या नळ्या, त्यांच्या चाव्या मनगटाने दाबून साथ द्यायची. 2017 साली युनेस्कोने आपल्या कुंभमेळ्याबरोबरच याही वादनाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा कुंभाच्या बातमीला हरिहरेश्वरच्या जत्रेचा फोटो छापला असता का तुम्ही?

असो, फोटो एकवेळ सोडा. 'रिव्हरडान्सने हे संगीत मरणाच्या दारातून परत आणलं' हे वाक्य मात्र पचलं नाही. रिव्हरडान्स हा आयरिश नाचाचा गाजलेला कार्यक्रम, तो 1994 चा. आयर्लंडमधल्या मलिंगारला पहिला फ्ला, म्हणजे आयरिश संगीताचा मेळा, भरला 1951 मध्ये, पाइप वाजवणारे शंभरही उरले नव्हते तेव्हा त्यांनी आपली संघटना काढली 1968 ला, आणि तिकडच्याच मिलटाउन मालबे गावचं संगीताचं उन्हाळी शिबिर 1973 पासून चालू आहे. त्याच्याही आधी शिकागोचा पोलिस प्रमुख फ्रान्सिस ओनील, याने 1903 मध्ये 1850 चाली छापल्या, त्याला स्वतःला नोटेशन लिहिता येत नव्हतं, तो वाजवून दाखवायचा आणि त्याच आडनावाचा दुसरा एक जण, जेम्स ओनील, उतरवून घ्यायचा. उलट आयर्लंडमधला 1935 चा नाच-परवान्याचा कायदा दाखवून पाद्री आणि पोलिसांनी घरातले नाच बंद पाडले, त्यावर लेखात चकार शब्द नाही!

मुलगी आयर्लंडमध्ये लिमरिकला असते म्हणून तिकडे जाणं होतं. मागच्या उन्हाळ्यात डूलिनच्या एका पबमध्ये बसलो होतो. टेबलाभोवती सहा-सात जण, स्टेज नाही, माइक नाही, एकेक चाल तीनदा वाजवायची की न थांबता पुढची. तेवढ्यात आपल्याकडच्या एका टूरची अख्खी बस आत आली, आणि टूर मॅनेजर सरळ फिडल (व्हायोलिन) वाजवणाऱ्या आजोबांना म्हणतो, 'टायटॅनिकवालं वाजवा ना'. एका काकांनी तर बासरी आणि फिडलच्या मधे मोबाइल खुपसला, बाकीच्यांच्या टाळ्या भलत्याच तालात, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबांनी नुसता बिअरचा ग्लास बाजूला सरकवला आणि पुढची रील, म्हणजे नाचाची जलद चाल, सुरू केली. नंतर कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी भात्याची पेटी) वाजवणाऱ्या शाळकरी पोरीने त्या चालीचं नाव विचारलं तर म्हणाले, नाव कोणाला ठाऊक, आईकडून घेतली. मग ती पोरगी दोनदा चुकली, तिसऱ्यांदा तिला जमली, तोवर आजोबा तेवढाच तुकडा परत परत वाजवत होते. तुमच्या लेखकाने असं काही बघितलंय का, की फक्त यूट्यूब?

दुरुस्ती छापणार असाल तर निविदांच्या जाहिरातींखाली गाडू नका, म्हणजे झालं. आणि हो, शनिवारच्या शब्दकोड्याचं उत्तर सलग दोन आठवडे आलेलं नाही, ते कोणाला विचारायचं?

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड