दुसरी रिंग

अंबाजोगाई,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बाळ्या,

संक्रांतीला तुझा फोन आला होता, मी उचलला नाही. नंतर करतो, नंतर करतो म्हणता म्हणता मे उजाडला. काय बोलायचं ते भेटल्यावर बोल, मी ऐकून घेईन. आज मात्र तुला लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही. फोन केला असता, पण अण्णांची खाट माझ्या खिडकीला लागूनच आहे आणि त्यांना झोप कमी.

आम्ही सगळे बरे. माझी शुगर ताब्यात आहे, गुडघा आहे तसाच. ऊन ४२ अंशांवर गेलंय, नळ आठवड्यातून एकदा.

आज पांढरीची, अण्णांच्या गाडीची, सर्व्हिस केली, मी एकट्याने. अण्णांनी पहिल्यांदाच स्वतःहून पाने माझ्या हातात दिले. लिंबाखाली खाट टाकून बसले आणि म्हणाले, "मी हितूनच सांगतो." तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं.

गाडी पाच मिनिटं चालू ठेवली, ऑइल कोमट झालं की पातळ होऊन सगळं उतरतं म्हणून. मग पुढून उचलली, मागच्या चाकांना दगड लावले, दोन्हीकडे लोखंडी स्टँड दिले. "जॅक उचलायला असतो, टेकायला नसतो" हे अण्णांचं वाक्य मला अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. भूकंपातल्या किल्लारीहून आल्यापासून मला कशाच्याही खाली झोपायचं म्हटलं की छाती आवळते, तुला माहीत आहे. १९९३ चे ते तीन दिवस आपण दोघांनी कधी पुन्हा काढले नाहीत, आताही काढत नाही. पण स्टँडला धक्का देऊन बघितल्याशिवाय अण्णा कुणाला खाली सरकू देत नाहीत, ते तेव्हापासूनच.

इंजिनखालच्या ऑइल चेंबरचा नट पटकन सुटला. तीन लिटरच्या आसपास जळकं ऑइल घमेल्यात उतरलं. गरम गरम धार मनगटावरून कोपरापर्यंत आली, तेव्हा तुझी आठवण झाली. त्याच्याबद्दल पुढे लिहितो.

ऑइल फिल्टर काही निघेना. या गाडीत तो कुठे बसवलाय ते तुला माहीत आहे. इंजिनच्या मागे, सायलेन्सरच्या पाइपाखाली, चार बोटं जातात तेवढी फट. दिसत काहीच नाही, सगळं बोटांनी चाचपून. आधी हाताने बघितलं, मग पॉलिश पेपर गुंडाळून. पट्ट्याचा पाना लावला तर तो फिरवायला जागा नाही. चेन पाना बसला, पण दोनदा घसरला आणि डब्याचा पत्रा चेपला. तेवढ्यात माय ताक घेऊन आली आणि म्हणाली, "गाडी बाळंत हुलालीय का काय रं, दोन तास झाले!" अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. कितीतरी दिवसांनी हसले.

स्क्रू ड्रायव्हर हातोडीने आरपार घालून पिळावा असं मनात आलं होतं. तू असतास तर घातलाच असतास, थांबणं तुझ्या रक्तात नाही. पण पत्रा फाटला की बूड तसंच चिकटून राहतं आणि मग पकडायला काहीच उरत नाही. एसटीच्या वर्कशॉपात असं फसलेलं काम अण्णांनी किती वेळा निस्तरलंय, त्यांच्याच तोंडून आपण ऐकलंय. शेवटी उजवं चाक काढलं, आतला प्लास्टिकचा पडदा सोडला आणि बाजूने वाट केली. लांब एक्स्टेंशनला टोपी पाना लावून चाकाच्या पोकळीतून आत घातला. एक हात दांड्यावर, एक हात पान्यावर. श्वास रोखून उलटा जोर दिला. कट्ट असा आवाज आला आणि फिल्टर हलला. बाळ्या, त्या आवाजाने जो आनंद होतो तो तुला सांगायला नको.

फिल्टर बाहेर आला. त्याची रबरी रिंग त्याच्या खाचेत होती. ती बघून मी निर्धास्त झालो आणि चिंधी घेऊन इंजिनवरची बैठक पुसायला हात आत घातला. बोटाला कड लागली. बैठक सपाट, गुळगुळीत लागायला पाहिजे. नखाने खरवडलं तर रबर निघायला लागलं. अख्खी रिंग निघाली, वाळून कडक झालेली, बांगडीसारखी. म्हणजे त्याच्या आधीच्या फिल्टरची.

मागची सर्व्हिस अण्णांनी केली होती, गणपती उठल्यावर.

बाळ्या, आपल्याला पहिला धडा हाच होता ना? फिल्टर काढला की आधी रिंग मोजायची. नव्या रिंगला बोटाने ऑइल लावायचं, रबर टेकलं की पाऊण फेरा, तोही हाताने, पाना लावायचा नाही. वकील साहेबांच्या जीपखाली आपल्या दोघांची डोकी एकमेकांवर आपटत होती आणि वरून अण्णा विचारत होते, "रिंग निघाली का?" आपण म्हणायचो, "निघाली." ते म्हणायचे, "दाखवा." दाखवल्याशिवाय नवा फिल्टर हातात मिळायचा नाही. त्या माणसाने जुन्या रिंगेवर नवा फिल्टर चढवला. त्याच गाडीतून नवरात्रात मायला घेऊन तुळजापूर केलं. दोन रिंगा एकमेकींवरून सरकल्या असत्या तर वाटेत मिनिटभरात सगळं ऑइल रस्त्यावर आलं असतं. इंजिन जाम, मागून ट्रक, गाडीत ही दोन म्हातारी माणसं. दुपारपासून माझ्या डोळ्यांसमोरून ते जात नाही.

एवढ्यावर असतं तरी मी नजरचूक म्हणून सोडून दिलं असतं. खाली आंधळं काम आहे, काळ्यावर काळं रबर, चांगल्या चांगल्या मिस्त्रीचं चुकतं. पण मी फिल्टर पुसून उजेडात धरला. माझ्या चेन पान्याच्या खुणा ताज्या होत्या, पत्रा चकाकत होता. त्यांच्या शेजारी दुसऱ्या खुणा होत्या, जुन्या, गंज चढलेल्या. म्हणजे आधी कुणीतरी पाना लावून फिल्टर आवळला होता. अण्णांनी, ज्यांनी पाना लावला म्हणून तुझ्या पाठीत धपाटा घातला होता त्यांनी. आणि मग आठवलं, दिवाळीच्या आधी अंगणातल्या शहाबादी फरशीवर काळे ठिपके पडत होते. माय रोज कुरकुरायची. एक दिवस ते थांबले. मी विचारलंही नाही.

त्यांना कळलं होतं रे. गळतंय हे दिसलं, आपलं काहीतरी चुकलंय हे उमगलं, आणि सगळे झोपल्यावर किंवा मी शाळेत असताना ते एकटेच खाली गेले आणि पान्याने आवळून आले. ७८ वर्षांचा माणूस. स्टँड लावले होते की नव्हते, देव जाणे. मला एक हाक मारली नाही.

मी ती रिंग खिशात घातली. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "रिंग निघाली का रं?"

मी म्हणालो, "निघाली."

ते "दाखव" म्हणाले नाहीत. लिंबाकडे बघत बसले.

आता सांग, मी काय समजू? सवयीने विचारलं की त्यांना माहीत होतं? त्यांच्या बोटांना मुंग्या येतात असं ते मागच्या वर्षापासून म्हणतात, शुगरने बोटांची जाणीव जाते. नुसती बोटं असतील तर बैठकीवरची कड लागलीच नसेल, आणि मग मी सुखाने झोपेन. पण डोकं असेल तर? परवा त्यांनी नातवाला माझ्या नावाने हाक मारली. गेल्या महिन्यात बँकेतून पासबुक न घेताच परत आले. किल्ली काढून घ्यायची म्हटलं तर त्या माणसाकडे दुसरं राहिलंय काय? निवृत्तीच्या पैशातली ती एकच वस्तू त्यांनी स्वतःसाठी घेतली. आणि किल्ली राहू दिली तर रोज ते परत येईपर्यंत माझा जीव फाटकाशी. बायको म्हणते, सरळ बोला. सरळ काय बोलू? खिशातून रिंग काढून समोर ठेवू?

यावरून एक जुनं देणं आहे. जीपच्या चेंबरच्या नटाचे आटे तू मारलेस म्हणून अण्णा तुला बोलले, तू ताटावरून उठून गेलास आणि उन्हाळाभर आपल्या घरी आला नाहीस. ते आटे मी मारले होते. नट वाकडा धरून पान्याने पिळला, अडकतोय हे कळत होतं तरी पिळला. तुलाही संशय होता आणि त्यावरून आपण पुढे किती भांडलो. आज सांगतो, मीच. अण्णांना अजून सांगितलेलं नाही. ज्याने तीस वर्षं एक नट लपवला, त्याने बापाला रिंगेबद्दल कुठल्या तोंडाने विचारायचं, तूच सांग.

नवा फिल्टर बसवला, नीट, हाताने, पाऊण फेरा. चालू केल्यावर ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझला. बंद करून, थांबून गेज बघितलं, पाव लिटर अजून घातलं. जळकं ऑइल कॅनमध्ये भरून कोपऱ्यावरच्या गॅरेजात दिलं. गाडीखाली पुठ्ठा पसरलाय, मघाशी टॉर्च लावून बघितला, कोरडा आहे. मी बघत होतो तेव्हा अण्णा खाटेवरून म्हणाले, "गळत नाही ना?" नाही म्हणालो. "बरं झालं," म्हणाले आणि कूस बदलली.

तुझ्या पोरीच्या ॲडमिशनचं काय झालं? वहिनींचा डोळा आता कसा आहे? पुण्यातलं घर विकायचं खूळ डोक्यातून गेलं की नाही? सविस्तर लिही, मी यावेळी उत्तर देईन.

पुढची सर्व्हिस दिवाळीच्या आधी येईल. एक दिवस आधी ये. मी खाली झोपतो, तू वर अण्णांजवळ बस आणि त्यांनी विचारलं की त्यांना सांग, "दाखवतो." जुनी रिंग मी तोवर जपून ठेवली आहे, कंपासपेटीत, पोराच्या.

तुझा,
दादू

ता. क. चेंबरच्या नटाचा तांब्याचा वायसर इथं या मापाचा मिळेना, जुनाच लावलाय. तिकडून येताना चार घेऊन ये. माप पान्याचं नाही, नटाच्या आट्याचं सांग दुकानदाराला, १४ नंबर.