‘लाइव्ह’चा हट्ट सोडला तर माल स्वस्तात सांभाळता येतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाहतुकीत होणाऱ्या मालाच्या नासाडीवरचा आपल्या अंकातला लेख वाचला. ‘प्रत्येक खेप मोबाइलवर लाइव्ह दिसली पाहिजे’ हा त्यातला उपाय ऐकायला झकास वाटतो. माझं आयुष्य माल पाठवण्याच्या कामात गेलं, म्हणून थोडं लिहितो. गाडी लाइव्ह दिसणं वेगळं आणि माल सांभाळला जाणं वेगळं. पहिल्याच्या नादात दुसरं उगीच महाग होऊन बसतं.

नकाशावर सरकणारा ठिपका गाडीचा असतो. आतलं खोकं तापलं का, आपटलं का, त्याला ओल लागली का, की ते मधल्याच गोदामात उतरवून राहिलं, यातलं काही त्या ठिपक्याला ठाऊक नसतं. खोक्याची खबर हवी तर सेन्सर खोक्यातच हवा. आणि तो इतका स्वस्त हवा की एखादा हरवला तरी कुणी डोक्याला हात लावून बसू नये.

इथेच लाइव्ह आडवं येतं. सीआर २०३२ या नेहमीच्या बटन सेलमध्ये साधारण २२० मिलिॲम्पिअर-तास वीज असते. बहुतेक वेळ झोपून राहणारा, मधूनच जागा होऊन तापमान टिपणारा आणि क्षणभर ब्लूटूथवर हाक देणारा सेन्सर सरासरी १० मायक्रोॲम्पिअरवर, म्हणजे मिलिॲम्पिअरच्या शंभराव्या भागावर, भागवतो. म्हणजे हिशोबाने २२,००० तास, अडीच वर्षं. त्याच सेलवर जीपीएस सतत चालू ठेवायचा तर तो वीसेक मिलिॲम्पिअर मागणार आणि अर्ध्या दिवसात सगळं आटोपणार. मोबाइल नेटवर्कचा मोडेम तर त्या सेलच्या आवाक्यातच नाही. टूजीचा मोडेम संदेश पाठवताना क्षणभर २ ॲम्पिअरपर्यंत खेचतो. मग मोठी बॅटरी, सिम, महिन्याचं भाडं, चार्जिंग हे सगळं प्रत्येक खोक्यामागे आलं. छोट्या व्यापाऱ्याने तिथेच हात जोडावेत.

त्याउलट नुसती नोंद ठेवणं जवळजवळ फुकट आहे. दर दहा मिनिटांनी एक तापमान, दोन बाइटमध्ये. महिनाभराच्या ४,३२० नोंदी साडेआठ किलोबाइटमध्ये मावतात. सेन्सरच्या घड्याळाला ताल देणाऱ्या साध्या क्रिस्टलमध्ये २० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत वीस भागांची, चूक धरली तरी महिन्याला मिनिटभराचाही फरक पडत नाही. माल कुणाच्या ताब्यात असताना बिघडला, हे ठरवायला एवढं पुष्कळ झालं.

एक उदाहरण सांगतो. औषधांची खेप आली होती. खोकी बाहेरून कोरी करकरीत, गाडीतल्या थंड करणाऱ्या यंत्राच्या तापमानाचा कागदही चोख. फोन घेऊन ढिगाभोवती फिरलो तेव्हा बहुतेक सेन्सरांचे आलेख सपाट होते, मोजक्या खोक्यांच्या आलेखात मात्र भर दुपारी एक टेकाड होतं. गाडी बदलताना ती खोकी धक्क्यावर उन्हात राहिली होती. गाडीचं यंत्र खोटं बोलत नव्हतं; त्या वेळी खोकी गाडीत नव्हतीच. तेवढीच खोकी बाजूला काढली, बाकीची खेप वाचली. लाइव्ह ठिपक्याने ‘गाडी थांबली आहे’ यापलीकडे काय सांगितलं असतं?

लाइव्ह कुठेच नको असं नाही. थंड यंत्र बंद पडलं तर ते तत्काळ कळायला हवं, पण कुणाला? शेकडो मैल दूर पडद्यासमोर बसलेल्या साहेबाला कळून तो फोनच करणार. कळायला हवं ड्रायव्हरला. खोक्यांतल्या सेन्सरांची हाक ऐकणारी एक पेटी, म्हणजे गेटवे, केबिनमध्ये बसवली, तापमान हाताबाहेर गेलं की दिवा लागला, की झालं. महागडा मोडेम लागलाच तर गाडीला एक; खोक्याला नाही. आणि भर समुद्रात, लोखंडी कंटेनरच्या बंद दाराआड, जिथे रेडिओलहर बाहेर पडत नाही आणि टॉवरही नाही, तिथे लाइव्हचे पैसे कशाला मोजायचे हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तंत्रज्ञान विकणारे सहसा सांगत नाहीत अशाही अडचणी आहेत. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि पाणी ही लहर शोषून घेतं. द्रवाचे कॅन रचले असतील तर ढिगाच्या पोटातला सेन्सर दारापर्यंत ऐकू येत नाही. माल उतरवताना, खोकी सुटी झाल्यावरच त्याची नोंद हाती लागते. लोरा या लांब पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओपद्धतीसारखी कमी वारंवारतेची लहर मालातून बरी वाट काढते, पण तिचा पट्टा सगळीकडे सारखा नाही: युरोपात ८६८ मेगाहर्ट्झच्या आसपास, उत्तर अमेरिकेत ९१५ च्या. सीमा ओलांडणाऱ्या मालाला म्हणून ब्लूटूथच सोयीचं, कारण २.४ गिगाहर्ट्झ जवळजवळ सगळीकडे चालतं. बॅटरी नसलेला आरएफआयडी टॅग, म्हणजे दारावरच्या वाचकयंत्राच्या रेडिओलहरीने ओळख सांगणारी चिठ्ठी, आणखी स्वस्त, पण त्याचं सांगणं एवढंच की मी या दारातून गेलो.

शिवाय स्वस्त सेन्सरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. आम्ही सेन्सर प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत घालून बर्फाचा चुरा आणि पाणी यांच्या काल्यात बुडवून ठेवतो. शून्य अंश दाखवायला हवं. जो अंशभर भरकटतो, तो औषधांच्या कामातून बाद.

नोंद कुणी वाचायची हा खरा वादाचा मुद्दा. १९९६ पासून पोलिओच्या तोंडी लशीच्या कुपीवर उष्णतेने गडद होणारी खूण येऊ लागली. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका काळवंडला की लस वापरायची नाही. त्यात ना रेडिओ ना बॅटरी, आणि निकाल थेट कुपी हातात धरणाऱ्याला कळतो. आजच्या बऱ्याच सेन्सरांचं उलट आहे: नोंद जाते सर्व्हरवर, पासवर्ड पाठवणाऱ्याकडे, आणि माल उतरवून घेणारा माणूस पोचपावतीवर आंधळेपणाने सही करतो. ट्रान्सपोर्टर या यंत्रांना बिचकतात तेही उगाच नाही. नोंद एकाच पक्षाच्या मुठीत असली की खापर कुणावर फुटणार हे त्यांना पक्कं माहीत असतं.

तेव्हा ‘लाइव्ह’वर खर्च करण्याआधी कराराच्या कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. माल एका हातातून दुसऱ्या हातात जाईल त्या प्रत्येक ठिकाणी सेन्सर वाचला जाईल. नोंदीची प्रत पाठवणारा, नेणारा आणि घेणारा अशा तिघांना एकाच वेळी मिळेल. आणि काम झालेला सेन्सर परत कोण पाठवणार आणि कुणाच्या खर्चाने. तिसरी बाब क्षुल्लक वाटते, पण ती न ठरवल्यामुळे चांगले चालते सेन्सर खोक्यांबरोबर रद्दीत जाताना मी पाहिले आहेत.

आपला,
माल रवानगीच्या कामातला एक वाचक