आदेश हातात, वसुली कुठे?

महोदय,

ब्रिटनबरोबरच्या व्यापार कराराविषयी कालच्या अंकातला लेख वाचला. परदेशी सरकारांचे वकील कामगार कलमे हातात घेऊन उद्या आपल्या कारखान्यांच्या दारात उभे राहतील आणि निर्यात अडवतील, अशी भीती लेखकाने घातली आहे. हे वाचून राग आला, म्हणून लिहिते आहे.

२४ जुलै २०२५ ला सही झालेल्या त्या करारात कामगारांवर वेगळे प्रकरण आहे, हे खरे. पण करारातली तंटा निवारणाची तरतूद त्या प्रकरणाला लागूच नाही. दोन सरकारे फार तर चर्चेला बसतील. कोणी वकील येणार नाही, एक कंटेनर अडणार नाही. आम्हा कामगारांना भीती वाटते ती याचीच.

मी मरोळला निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यात चेकर, म्हणजे शिवलेला माल तपासणारी होते. बायरचे, म्हणजे माल घेणाऱ्या परदेशी कंपनीचे, ऑडिट असले की फर्स्ट एडच्या पेटीत औषधे यायची, कुलूप लावलेले पाळणाघर उघडायचे आणि टेबलावर हजेरीचे दुसरे मस्टर यायचे. कोणी विचारले तर काय सांगायचे, ते सुपरवायझर आदल्या दिवशी लाइनवर येऊन पढवून जायचा. शिपमेंटची तारीख जवळ आली की रात्री उशिरापर्यंत ओव्हरटाइम. तेव्हाच्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे त्याचा दर दुप्पट होता, आमच्या हातात पडायचा सिंगल. युनियनच्या मदतीने आम्ही काही बायका कामगार न्यायालयात गेलो. तारखांमध्ये वर्षे गेली, पण निकाल आमच्या बाजूने लागला.

खरा त्रास तिथून पुढे सुरू झाला. मालकाने पैसे भरले नाहीत. वसुलीचा दाखला जिल्हाधिकारी कार्यालयात गेला, तिथून तहसीलदारांकडे. साहेब इलेक्शन ड्यूटीवर आहेत, फाइल वर गेली आहे, मालकाच्या मालमत्तेची माहिती तुम्हीच आणून द्या. धागे कापणाऱ्या बायकांनी ती कुठून आणायची? तोवर मशिनी रातोरात हलल्या होत्या आणि त्याच मालकाचा माल दुसऱ्या कंपनीच्या नावाने न्हावाशेवाहून जात होता. कोर्टात आमच्यासाठी युनियनचे वकील उभे होते. सरकारनेच दिलेल्या दाखल्याची वसुली सरकारी कार्यालयांकडून करून घेईल असा सरकारी वकील मात्र कोणाच्याच कामात बसत नव्हता. माझ्या लाइनवरच्या एक मावशी पैसे न बघताच गेल्या.

लेखकाने ज्यांची धास्ती घातली, ते अमेरिकेचे सरकारी वकील मेक्सिकोत काय करतात तेही छापायला हवे होते. १ जुलै २०२० पासून लागू असलेल्या अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडाच्या व्यापार करारात तक्रार एका विशिष्ट कारखान्यावर करता येते. मेक्सिको सरकारला चौकशी करणार की नाही हे दहा दिवसांत कळवावे लागते आणि चौकशी ४५ दिवसांत संपवावी लागते. तोवर त्या कारखान्याच्या मालाचा सीमाशुल्काचा अंतिम हिशेब अमेरिका रोखून धरू शकते. सिलाओच्या जनरल मोटर्स कारखान्यात एप्रिल २०२१ मध्ये जुन्या युनियनने कंपनीशी केलेल्या करारावर मतदान सुरू असताना मतपत्रिका नष्ट केल्या गेल्या. मे महिन्यात अमेरिकेने प्रकरण उचलले. ऑगस्टमध्ये फेरमतदान झाले, कामगारांनी तो जुना करार फेटाळला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वतःची स्वतंत्र युनियन निवडून आणली. पुढच्या करारात ८.५ टक्के पगारवाढ मिळाली. अमेरिकेने हे स्वतःच्या कामगारांच्या फायद्यासाठी केले असेल. पगार सिलाओच्या कामगारांचा वाढला.

वकील असले तरी मुदत आणि कलम पक्के लागते, हे ग्वातेमालाने दाखवले. अमेरिकेशी असलेल्या व्यापार कराराखाली तिथल्या युनियनांनी २००८ मध्ये अमेरिकेकडे तक्रार केली, अमेरिकेने ग्वातेमाला सरकारविरुद्ध लढवलेल्या त्या प्रकरणाचा निकाल २०१७ मध्ये लागला. आठ ठिकाणच्या ७४ कामगारांबाबत न्यायालयाचे आदेश सरकारने पाळून घेतले नाहीत, हे लवादाने मान्य केले. पण त्याचा व्यापारावर परिणाम झाल्याचे सिद्ध होत नाही, म्हणून अमेरिका हरली. आदेश हातात असून पैसे नाहीत, ही आमचीच गोष्ट.

कामगारांचा विषय व्यापाराबाहेर ठेवून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे सोपवावा, असे लेखकाने सुचवले आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९६ च्या सिंगापूर परिषदेपासून भारत हेच म्हणत आला आहे. मग त्याच संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार, म्हणजे संघटना बांधण्याचा आणि सामूहिक वाटाघाटींचा हक्क, भारताने आजवर का स्वीकारले नाहीत, हे लेखकाने सांगावे.

परदेशी वकील यावेत अशी माझी मागणी नाही. अमेरिकेने परदेशांतल्या कामगारांसाठीची आपल्या कामगार खात्याची अनुदाने मार्च २०२५ मध्ये एका झटक्यात बंद केली, त्यांच्यावर विसंबून कोण राहील? निर्यातदार कारखान्याविरुद्धच्या प्रत्येक वसुली दाखल्यामागे आपलाच सरकारी वकील हवा, त्याला ठरलेली मुदत हवी आणि पैसे भरेपर्यंत त्या मालकाचा, कंपनीचे नाव बदलले तरी, माल बंदरातून सुटता कामा नये.

आणखी एक. शेअर बाजाराला तुम्ही रोज पान देता. कारखाना बंद पडून बायका घरी बसतात तेव्हा ती बातमी चार ओळींत, तीही जाहिरातींच्या खाली. ब्रिटनला कपडे विनाशुल्क जाणार हे तुम्ही पहिल्या पानावर छापले. ते कपडे शिवणाऱ्या मरोळ, साकीनाका आणि भिवंडीच्या बायकांशी बोलायला एकदा तरी वार्ताहर पाठवा.

– एक निवृत्त चेकर, मरोळ, अंधेरी (पूर्व)
(कृपया नाव छापू नये)