टाकीचा वेग संथ झाडाला ठरवू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या मत्स्यालयात जिवंत झाडे लावण्याविषयी लेख आला, हे बरे झाले. प्लॅस्टिकच्या लाल-जांभळ्या झाडांपासून एकदाची सुटका होऊ दे. पण हायड्रिला, हॉर्नवर्ट, व्हॅलिस्नेरिया ही झपाट्याने वाढणारी झाडे आणि त्यांच्याच शेजारी ॲनुबियस, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन ही संथ झाडे लावा आणि सगळ्यांना भरपूर उजेड व खत द्या, हा त्यातला सल्ला निम्माच बरोबर आहे. ही झाडे एकत्र नांदतात. मात्र उजेड आणि खत यांचा हिशोब टाकीतल्या सर्वांत संथ झाडाच्या मानाने करावा लागतो. तो झपाट्याने वाढणाऱ्या झाडाच्या मानाने केला, की काही आठवड्यांत ॲनुबियसच्या पानांवर हिरवे ठिपके आणि कडांना काळे केसाळ शेवाळ धरते. मग खापर फुटते ते दुकानदारावर, नाहीतर पाण्यावर.

हॉर्नवर्ट चांगल्या उजेडात आठवड्याला वीतभर सहज वाढतो. ॲनुबियसला एक नवे पान काढायला तीन-चार आठवडे लागतात, आणि ते पान वर्षभर किंवा त्याहूनही जास्त टिकते. हॉर्नवर्टच्या जुन्या फांदीवर शेवाळ बसेपर्यंत ती कापून फेकलेली असते. ॲनुबियसचे पान तिथेच असते, त्याच दिव्याखाली. म्हणून जो उजेड एकाला मानवतो, तोच दुसऱ्याच्या मुळावर येतो.

दुसरे भांडण दिसत नाही, ते कार्बन डायऑक्साइडचे. रात्रभर मासे आणि झाडे श्वास घेतात, त्यामुळे पहाटे तो पाण्यात सर्वांत जास्त असतो. दिवा लागला की हायड्रिलाचा दाट जुडगा थोड्याच तासांत त्यातला बराचसा फस्त करतो. त्यानंतर हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट ही मंडळी पाण्यातल्या बायकार्बोनेटवर, म्हणजे क्षाराच्या रूपातल्या कार्बनवर, भागवतात. बोअरच्या जड पाण्यात ते भरपूर असते. दगड-लाकडावर वाढवतात त्या मॉसला मात्र ही सोय नाही, त्याला विरघळलेला कार्बन डायऑक्साइडच लागतो. अशा टाकीत दुपारनंतर पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ९ च्याही वर जातो, हायड्रिलाच्या पानांवर चुन्याची पांढरी पूड धरते आणि मॉस दिव्याखाली नुसते बसून राहते. यावर उपाय फुकटचा आहे. दिवा सलग ठेवू नका. टायमर लावून सकाळी ९ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ८ असे एकूण ७ तास द्या. मधल्या ४ तासांत माशांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड पुन्हा थोडा साठतो. टाकी खिडकीच्या उन्हात असेल तर मात्र या विश्रांतीला अर्थ उरत नाही.

आता प्रत्यक्ष मांडणी. घरात सहसा २४ × १२ × १५ इंचांची दोन फुटी टाकी असते. काठापर्यंत ती सुमारे ७० लिटरची भरते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी उरते साधारण ५५ लिटर. खाली धुतलेली २-३ मिलिमीटरची वाळू घाला, पुढे दोन इंच आणि मागे तीन. वरून दोन फुटी १० वॉटच्या दोन साध्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या पुरतात. त्यातली एक पूर्ण ७ तास आणि दुसरी फक्त संध्याकाळचे ३ तास लावा. ‘प्लांट लाइट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या दिव्याची या मिश्र टाकीत गरज नाही, उलट तोच घात करतो. पट्ट्या काचेच्या झाकणावर ठेवा आणि वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगमध्ये शिरणार नाही.

मागच्या ओळीत हायग्रोफिला किंवा लिम्नोफिला ही उंच, जलद वाढणारी झाडे लावा. एकेक कांडी, खालची पाने काढून, दोन बोटांच्या अंतराने खोवा. व्हॅलिस्नेरिया हवी असेल तर एका कोपऱ्यातच ठेवा आणि तिच्यापुढे तीन इंच रुंदीची काचपट्टी वाळूत उभी पुरा. नाहीतर तिचे धावरे वाळूखालून क्रिप्टोकोरिनच्या मुळांत घुसतात, आणि ते उपटायला गेलात की क्रिप्टोकोरिनही हलते. हलले की ते पाने विरघळवून टाकते. पाण्यात चिखलासारखी पाने दिसली म्हणून लोक झाड मेले समजून फेकतात. मेलेली पाने काढा, मुळे तशीच राहू द्या. तीन-चार आठवड्यांत नवे कोंब येतात. क्रिप्टोकोरिन मधल्या पट्ट्यात लावून त्याच्या मुळाशी खताची गोळी दोन-तीन महिन्यांनी एकदा खोचा, कारण ते मुख्यतः मुळांनी खाते.

ॲनुबियस आणि जावा फर्नची जागा पुढे, पण सावलीत. मागच्या फांद्या वर जाऊन पाण्यावर थोड्या आडव्या झाल्या की त्यांच्याखाली आयती सावली मिळते. जलद झाडाचा खरा उपयोग इथे आहे. ते संथ झाडाचे छप्पर आहे, शिवाय माशांच्या विष्ठेतला अमोनिया शेवाळाआधी उचलते. ॲनुबियस आणि जावा फर्न या दोघांचे जाड आडवे खोड वाळूत पुरू नका, कुजते. दगडाला किंवा लाकडाला सुती दोऱ्याने बांधा, नाहीतर फेविक्विकचा एक थेंब लावून चिकटवा. जावा फर्नच्या पानाखाली ओळीने काळे-तपकिरी ठिपके दिसले तर तो रोग नव्हे, ते बीजाणू आहेत.

खताबाबत कोल्हापूरकरांचे नशीब चांगले. ठिबकची विद्राव्य खते कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात. पिशवीवरचे तीन आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पोटॅश यांचे. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ००:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, ही दोनच घ्या. पहिले १० ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात, दुसरे १ ग्रॅम वेगळ्या अर्धा लिटरमध्ये विरघळवा. प्रत्येकाचे २५ मिलि आठवड्यातून एकदा घातले, की ५५ लिटरमध्ये नायट्रेट सुमारे साडेपाच आणि फॉस्फेट सुमारे ०.६ मिलिग्रॅम प्रति लिटरने वाढते. संथ टाकीला एवढे पुष्कळ. चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेले राहील असे बांधलेले लोह) दुसऱ्या दिवशी घाला. फॉस्फेटबरोबरच घातले तर दोघे एकमेकांना धरून तळाशी बसतात. १९:१९:१९ चुकूनही वापरू नका. त्यात युरिया आणि अमोनियाच्या रूपातला नत्र असतो. उसाला तो चालतो, पण बोअरच्या अल्कधर्मी पाण्यात त्याने मासे मरतात. मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यांत तांबे असते, टाकीत झिंगे किंवा गोगलगायी असतील तर तेही टाळा.

गप्पींनी गच्च भरलेल्या टाकीत नायट्रेट आपोआप साठते, कमी पडते ते पोटॅश. तिथे १३:००:४५ ऐवजी ००:००:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट त्याच मापाने द्या. कमतरता आधी जलद झाडावर दिसते, म्हणून त्याची पाने वाचायला शिका. हायग्रोफिलाच्या जुन्या पानांना टाचणीएवढी भोके पडली तर पोटॅश कमी, जुनी पाने सरसकट पिवळी पडली तर नत्र कमी, आणि शेंड्याची पाने फिकट, शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह कमी. बाजारात ‘लिक्विड कार्बन’ म्हणून जे मिळते ते बहुधा ग्लुटारल्डिहाइड हे जंतुनाशक रसायन असते. त्याने व्हॅलिस्नेरिया आणि हॉर्नवर्ट वितळतात, तेव्हा या टाकीत ते नकोच.

छाटणीत सर्वांत मोठी चूक होते. मागची झाडे पाण्यावर आली की लोक एका रविवारी सगळी खोडापासून साफ करतात. त्या दिवशी छप्पर जाते, अमोनिया आणि नायट्रेट उचलणारे कोणी उरत नाही, आणि पंधरवड्यात शेवाळ थेट ॲनुबियसवर येते. एका आठवड्याला एक तृतीयांशच कापा. या खेपेला डावी बाजू, पुढच्या खेपेला मधली. शेंड्याची वीतभर कांडी पुन्हा खोवा, खालचे उघडे खोड काढून टाका. हॉर्नवर्टची गळलेली सुईसारखी पाने फिल्टरमध्ये अडकतात, म्हणून तोंडाला स्पंज बसवा. छाटणीच्याच दिवशी पाव टाकी पाणी बदला. नळाचे पाणी बादलीत हवेच्या नळीसह २४ तास ठेवून, क्लोरीन उडाल्यावरच घाला.

एप्रिल-मे महिन्यांत टाकीचे पाणी ३० अंशांवर गेले की जलद झाडे आणखी सुटतात, आणि गरम पाण्यात विरघळलेला वायू मुळातच कमी असतो. तेव्हा दुसरी पट्टी बंद ठेवा आणि खत निम्मे करा.

राहता राहिला कापलेल्या झाडांचा प्रश्न, आणि तो फक्त आपल्या घरापुरता नाही. अशी टाकी आठवड्याला मूठ-दोन मुठी कांड्या देते. त्या रंकाळ्यात, पंचगंगेत किंवा गटारीत टाकू नका. हायड्रिला इथलाच, पण दुकानात मिळणारा कॅबोम्बा हा पाणवनस्पतीचा प्रकार अमेरिकेतून आला आहे आणि तुकड्यातून वाढतो. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने आपल्या पाण्याचे काय केले ते पंचगंगेच्या काठी उभे राहिले की दिसते. उलट दिशेनेही नको. रंकाळ्यातून उपटून आणलेल्या झाडाबरोबर जळवा आणि चतुराच्या अळ्या येतात, त्या पिल्ले खातात. राधानगरीच्या अभयारण्यातून झाड काढणे तर कायद्यानेच मना आहे. मत्स्यालयाच्या दुकानदारांनी प्रत्येक झाडाच्या पिशवीवर नाव, वाढीचा वेग आणि पूर्ण उंची अशी तीन शब्दांची चिठ्ठी लावली, तर गिऱ्हाईक निदान काय नेतो ते ओळखेल. कापलेल्या कांड्या गच्चीत दोन-तीन दिवस कडक वाळवा, चुरा करा आणि तुळशीच्या किंवा गुलाबाच्या कुंडीत मातीखाली घाला.

आपला,
एक मत्स्यालयप्रेमी वाचक, कोल्हापूर