रक्त थांबलं, पण सूज?

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

शौचातून रक्त पडायचं थांबलं, दिवसातून एकदाच जावं लागतं, मग कोलायटिसचं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेचं, औषध बंद करू का, असं तू विचारलंस. सध्या नाही. कारण तू पाठवलेल्या रिपोर्टमध्येच आहे: कॅलप्रोटेक्टिन 380. आतड्याला सूज असली की तिथे पांढऱ्या पेशी जमतात आणि त्यांच्यातलं हे प्रथिन शौचावाटे बाहेर पडतं. एका ग्रॅममागे 50 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर सूज जवळजवळ नाही. 250च्या वर असेल तर ती बहुधा आत धुमसतेच आहे. एवढं मात्र सांग, पाळीच्या दुखण्यावर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं होतंस का? त्यानेही आकडा चढतो, शिवाय कोलायटिस उसळू शकतो. पॅरासिटामॉल चालेल.

तुझा अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होऊन, मधे जागा न सोडता, वर चढतो आणि आतड्याच्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स या दुसऱ्या आतड्याच्या आजारात तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही सूज येते, मधले पट्टे निरोगी असतात, आणि ती भिंतीच्या आरपार जाते. म्हणून तिथे आतडं अरुंद होतं, भगंदर होतं. उपचारही त्यामुळे बदलतात: मेसालामाईन हे सूज उतरवणारं औषध तुला लागू पडतं, क्रोन्समध्ये फारसा उपयोग नाही.

कोलोनोस्कोपीत, म्हणजे आतड्याच्या दुर्बीण तपासणीत, चांगल्या दिसणाऱ्या जागेचेही तुकडे का घेतले, याचा तुला राग आला होता. सूज कुठवर आहे हे डोळ्यांना दिसतं त्याहून सूक्ष्मदर्शकाखाली नीट कळतं. जुन्या सुजेत अस्तरातल्या ग्रंथींची रचनाच बिघडते. नुकत्याच झालेल्या जंतुसंसर्गात सहसा तसं होत नाही. आतड्याचा क्षय तर हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो, आणि तो न ओळखता स्टेरॉइड दिलं तर क्षय पसरतो. निदानाची घाई म्हणूनच महागात पडते. रक्त दिसलं की मूळव्याध म्हणून मलम लावत बसणं हा दुसरा घोळ.

आता एनिमा. तो तू टाळतेस, हे मला कळतं. पण तुझी सूज डाव्या बाजूला आहे, आणि तिथे गोळी व एनिमा मिळून जे साधतं ते एकट्या गोळीने साधत नाही. झोपण्याआधी शौचाला जाऊन ये. बाटली नीट हलव, टोकाला वंगण लाव, डाव्या कुशीवर झोपून उजवा गुडघा पोटाशी घे आणि हळूहळू दाब. जोरात दाबलंस की कळ येते आणि सगळं बाहेर पडतं. अर्धा तास तशीच पडून राहा. रात्रभर आत राहिलं तर उत्तम. सुरुवातीला टिकणार नाही, कारण सुजलेला गुदाशय भरलेपण सोसत नाही. अगदीच जमेना तर डॉक्टरांना फोम, म्हणजे फेसाच्या रूपातलं औषध, विचार. गोळ्या मात्र चावू किंवा फोडू नकोस. वरचं आवरण गेलं की औषध मोठ्या आतड्यापर्यंत नीट पोचत नाही.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड 40 मिलिग्रॅमवरून दर आठवड्याला 5ने उतरवायला सांगितलंय, तसंच उतरव. एकदम सोडलंस तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होईपर्यंत गळून जाशील. हे आग विझवायचं औषध, कायमचं नाही. उतरवताना रक्त पुन्हा दिसलं तर डोस आपल्या मनाने वाढवू नकोस. तेव्हा ॲझाथायोप्रिन किंवा इन्फ्लिक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा विचार होईल, आणि इन्फ्लिक्सिमॅबच्या आधी क्षय व हिपॅटायटिस बीची तपासणी हवीच.

दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप किंवा नाडी 90च्या वर, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. अशा वेळी जुलाब थांबवणारी लोपेरामाइड अजिबात नको, आतडं फुगून फाटायचा धोका असतो.

तीन महिन्यांनी कॅलप्रोटेक्टिन पुन्हा कर, शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण पद्धत बदलली की आकडे जुळत नाहीत. त्याच वेळी क्रिएटिनिनही बघून घे; मेसालामाईन क्वचित मूत्रपिंडाला त्रास देतं. दोन्ही रिपोर्ट मला पाठव.

तुझी,
आई