सूचना : चातुर्मासातील गुरुवारचा हरिपाठ

सर्व सभासदांना रामकृष्णहरी.

आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत गुरुवारचा हरिपाठ संध्याकाळी ७ ऐवजी रात्री ८ वाजता सुरू होईल. कामावरून आलेल्या माणसाला हातपाय धुऊन, घरच्यांशी चार शब्द बोलून येता यावं, एवढाच हेतू.

अलीकडे आपला हरिपाठ फार पळतो. ज्ञानेश्वर माउली पहिल्याच अभंगात देवाच्या दारी क्षणभर उभं राहायला सांगतात, आणि आपण नेमका तोच अभंग लोकल पकडायची असल्यासारखा उरकतो. २७ अभंग एका बैठकीत झालेच पाहिजेत, असा हट्ट यापुढे नको. निम्मे आज, उरलेले पुढच्या गुरुवारी. जुन्या जाणत्यांना हे रुचणार नाही, कल्पना आहे. पण ध्रुपद सावकाश, अर्थ मनात उतरेल असं म्हणायचं तर दुसरा मार्ग दिसत नाही. मृदंगावर बसणाऱ्यांनी लय चढवू नये. (तरुण मंडळींनो, हे तुम्हालाच!)

मोबाइल बंद करून पिशवीत ठेवावेत.

आरतीनंतर लगेच चपला शोधू नयेत. पंधरा मिनिटं सगळ्यांनी बसायचं, एकमेकांची विचारपूस करायची. गुडघ्यांमुळे ज्यांना जिना चढवत नाही, त्या आजी-आजोबांकडे दोघा-तिघांनी प्रसाद घेऊन जायचं. दारातून देऊन परतायचं नाही, टेकायचं.

प्रसादाची पाळी ज्यांना घ्यायची आहे, त्यांनी कोषाध्यक्षांकडे नाव द्यावं. साखरफुटाणेही चालतील.

— भजनी मंडळ